एकच प्रत

१

दुपारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला आणि कुमुद आतल्या खोलीत आडवी झाली, की विनायकराव हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे येऊन बसत. दिल्लीत, द्वारकेच्या त्या सोसायट्यांमध्ये, नोव्हेंबरात खिडक्या उघडायची सोय नसते. बाहेर धूर, आत हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची घरघर, आणि मधूनच विमानतळाकडे उतरणारं एखादं विमान भांडी थरथरवत डोक्यावरून जायचं. निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन राहायचं असं नवराबायकोचं ठरलं होतं. त्याऐवजी बायकोला सांभाळायची दुसरी नोकरी लागली, आणि या नोकरीत रजा नव्हती. विनायकराव थकले होते. कोणाला सांगत नसत, पण खुर्चीत टेकताना तोंडून जो हुंकार निघे, त्यात सगळं येऊन जाई.

कुमुदची स्मरणशक्ती चालली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि हात टेकले. मग शिवांगी नावाची एक तरुण थेरपिस्ट घरी येऊ लागली. तिनेच हा उद्योग सुचवला.

"अंकल, आंटीजी ने जो खुद लिखा है ना, उनके अपने शब्द, उसकी एक फाइल बनाइए," ती म्हणाली. "रोज़ थोड़ा पढ़कर सुनाइए. अपनी बात अपने को जल्दी याद आती है."

लिहिलेलं काही कमी नव्हतं. कुमुद एका सरकारी ग्रंथालयात नोकरीला होती, की-बोर्डवर तिचा हात बसलेला. पुण्याच्या बहिणीला, कल्पनाला, ती लांबलचक मेल पाठवायची. गुरुग्रामला राहणाऱ्या रेवतीला, म्हणजे मुलीला, चॅटवर सूचना सोडायची. वर्डमध्ये पाककृती, कुठे प्रवासवर्णन, कुठे नुसतेच उसासे. सगळं चार प्रोग्रॅममध्ये विखुरलेलं होतं. एकेक वाक्य निवडा, कॉपी करा, फाइल उघडा, चिकटवा, पुन्हा मागे जा. चार दिवसांत विनायकरावांचं मनगट सुजलं.

तेव्हा त्यांचा भाचा परीक्षित मदतीला धावला. तो नोएडाला सॉफ्टवेअरमध्ये होता. एका रविवारी आला, कांदाभजी खाल्ली आणि खाता खाता एक स्क्रिप्ट लिहून दिली.

"मामा, कुठल्याही ॲपमध्ये टेक्स्ट सिलेक्ट करा आणि एफ-नाइन दाबा. बस. ते आपोआप तुमच्या फाइलमध्ये."

"पण याला कळतं कसं मी काय निवडलंय ते? मेल वेगळं, वर्ड वेगळं."

"कळत नाही ना. प्रत्येक ॲपला विचारत बसलो तर झालंच. म्हणून स्क्रिप्ट समोरच्या खिडकीला भासवते, की तुम्हीच कॉपी दाबलंय. ती बिचारी जे सिलेक्टेड असेल ते देऊन टाकते. स्क्रिप्ट ते उचलते, तुमच्या फाइलला जोडते, आणि कॉपीच्या जागी आधी जे होतं ते परत तिथेच ठेवते. किसी को पता भी नहीं चलता."

"चोर सभ्य असता तर असाच असता," विनायकराव म्हणाले.

परीक्षित हसला. काम झाल्याचं कळावं म्हणून त्याने एक आवाज घालायचं ठरवलं, तेव्हा विनायकरावांनी बऱ्याच आवाजांतून कोरडा, लाकडी 'ठक्' निवडला. ऑफिसात शिक्का मारला की असाच आवाज यायचा. त्या आवाजाशिवाय काम पुरं झाल्यासारखं त्यांना वाटतच नसे.

२

फाइलचं काम दिवेलागणीच्या आत आटपावं लागे, कारण उन्हं कलली की कुमुद उठायची. उठून हॉलमध्ये यायची, दाराकडे बघायची आणि विचारायची, "शार्दूल आला का हो पानिपतहून?"

शार्दूल त्यांचा मुलगा. हा फ्लॅट घेतला तेव्हा, 'आई, पडदे पानिपतचेच घ्यायचे, तिथे निम्म्या भावात मिळतात,' म्हणून तो मित्राची गाडी घेऊन गेला. पडदे घेतल्याचा फोन आला. परतताना हायवेवर धुकं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. खिडक्यांना पुढे रेवतीने करोल बागेतून आणलेले पडदे लागले, आणि शार्दूलचा फोटो पॅसेजच्या भिंतीवर गेला.

पहिल्यांदा कुमुदने विचारलं तेव्हा विनायकरावांनी तिला खरं सांगितलं. ती खाली बसली आणि पहिल्या दिवशी रडली होती तशीच रडली. तिच्यासाठी तो पहिलाच दिवस होता. दुसऱ्या संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं. शिवांगी म्हणाली, खरं सांगू नका, येतोय म्हणून सांगा. तसं सांगितलं, तर कुमुद बाल्कनीत उभी राहून गेटवर डोळे लावायची, जेवायची नाही, आणि शेवटी दमून स्वतःच म्हणायची, "काहीतरी झालंय. तुम्ही लपवताय." खरं सांगा नाहीतर खोटं, रात्रीचं ताट तसंच राहायचं. विनायकरावांच्या नाकी नऊ आले होते.

तर फाइल. मंत्रालयाच्या अभिलेख विभागात आयुष्य काढलेल्या माणसाचा एक हट्ट असतो, तो त्यांचाही होता. एक कागद, एक जागा. तोच कागद दोन फाइलींत सापडला, की उद्याची भानगड आजच ठरली. विभागात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, जादा प्रती शोधायच्या आणि फाडायच्या. कुमुदच्या फाइलमध्ये एकच वाक्य तीनदा आलेलं दिसलं, तेव्हा त्यांना जेवण गोड लागेना. त्यांनी परीक्षितला फोन लावला.

"एकदा घेतलेलं पुन्हा येता कामा नये. एकच प्रत राहायला हवी."

"मामा, टेक्स्ट फाइल आहे यार. दोनदा आलं तर काय बिघडतं?"

"बिघडतं."

परीक्षितने तिकडूनच, आपल्या घरी बसून, स्क्रिप्ट दुरुस्त केली. "चलो, हो गया," म्हणाला. "आता एकच राहील."

दुसऱ्या दिवशी दुपारी विनायकरावांनी कल्पनाला पाठवलेल्या एका मेलमधला परिच्छेद निवडला आणि कळ दाबली. कुमुदची झोप मोडू नये म्हणून त्यांनी स्पीकर बंद केला होता. तरी 'ठक्' झालंच. त्यांनी स्पीकरचं बटण पाहिलं. बंद होतं. आवाज आतल्या खोलीतून आला होता.

आत कुमुद पलंगाच्या कडेला बसली होती, एक हात डोक्यावर ठेवून.

"काही पडलं का ग?"

"नाही बाई," ती म्हणाली. "कोणीतरी टिचकी मारल्यासारखं झालं."

वरच्या मजल्यावर कोणीतरी खिळा ठोकत असणार, असं विनायकरावांनी स्वतःला सांगितलं. या शहरात कुठे ना कुठे कोणीतरी खिळा ठोकतच असतं. ते परत येऊन बसले.

३

पोह्यांपासून त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

पोहे उतरवताना वरून दुधाचा हबका मारायचा, ही कुमुदची पद्धत. लग्नाआधीपासूनची. तसं तिने रेवतीला चॅटवर लिहूनही दिलं होतं, आणि ते वाक्य विनायकरावांनी फाइलमध्ये घेतलं. दुसऱ्या सकाळी पोहे घशाखाली उतरेनात.

"दूध नाही घातलंस?"

"पोह्यांत दूध?" कुमुद हसली. "काहीतरीच तुमचं."

आजारच तो, असं होणारच, विनायकराव म्हणाले. रविवारी रेवती आली, तिने आईला बसवून स्वतः पोहे केले. तेही कोरडेच.

"अगं, दुधाचा हबका राहिला."

"हबका म्हणजे?" रेवती म्हणाली. "ई बाबा, पोहे में दूध कौन डालता है?"

"आईनेच तुला शिकवलं होतं."

"कधी? बिल्कुल नाही."

दिल्लीत वाढलेली मुलं, निम्मी मराठी मेट्रोतच सांडून येतात. विनायकरावांनी तेवढ्यावर समाधान मानलं. ती गेल्यावर मात्र त्यांनी चॅट उघडून पाहिलं. कुमुदचं वाक्य जागच्या जागी होतं, आणि खाली रेवतीचं उत्तर होतं, 'आई, दूध घातलं, एकदम मस्त झाले.' म्हणजे काहीही कापलं गेलं नव्हतं. स्क्रिप्ट फक्त कॉपी करत होती. आधीची तारीख, आधीचे शब्द. त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि समाधान वाटायला हवं होतं ते वाटलं नाही.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जिची त्यांना पुढे कायम लाज वाटत राहिली. बायकोवर त्यांनी प्रयोग केला.

कुमुदच्या गुडघ्यावर एक जुनी खूण होती. साताऱ्याला लहानपणी कल्पनाला डबलसीट घेऊन ती सायकलवरून उतारावर सुटली आणि थेट न्हाव्याच्या दुकानात शिरली, त्याची खूण. हा किस्सा ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची. सकाळी विनायकरावांनी मुद्दाम विचारलं, "ही खूण कसली ग?" कुमुदचा चेहरा उजळला. उतार, न्हावी, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, सगळं तिने हातवारे करून सांगितलं. दुपारी त्यांनी तोच किस्सा असलेला मेल उघडला, मजकूर निवडला आणि कळ दाबली. आतून 'ठक्' आलं.

संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं. कुमुदने साडी वर करून गुडघा पाहिला. बोटाने चाचपला.

"अगंबाई, हे कधी लागलं?" ती म्हणाली. "आणि दुखत कसं नाही?"

ती किती तरी वेळ गुडघा दाबून पाहत होती. मग तिने तो पदराखाली झाकून घेतला, दुसऱ्या कोणाचा तरी उघडा पडला असावा तसा.

त्यांनी पुण्याला फोन लावला नाही. कल्पनाला तो उतार आठवतो का, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. थकलेल्या माणसाला एका वेळी एकच भीती झेपते.

४

"परत कसं ठेवायचं?" त्यांनी परीक्षितला विचारलं.

"परत कुठे, मामा? ओरिजिनल तर तिथेच आहे."

"तसं नाही. तिच्यात परत."

परीक्षित आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, तुम्ही जेवताय ना नीट? मी येऊ का या शनिवारी?"

नको म्हणून त्यांनी फोन ठेवला. फाइलमधला सायकलचा किस्सा त्यांनी कुमुदला वाचून दाखवला, शिवांगीने सांगितलं होतं तसा, सावकाश. कुमुदने मन लावून ऐकला, न्हाव्यापाशी हसलीसुद्धा. "छान लिहिलंय," म्हणाली. "कोणी लिहिलंय?"

त्यांच्या मनात आलं, फाइलमधून हा मजकूर पुसून टाकला तर? इथून निघाला, की जिथून आला तिथे परत जाईल. त्यांनी तो निवडला. डिलीटच्या कळीवर बोट ठेवलं. आणि इथूनही गेला, तिथेही नाही गेला, तर? बोट तसंच अधांतरी राहिलं. वर्षानुवर्षं त्यांनी शेवटची प्रत कधी फाडली नव्हती, ती सवयच कामी आली. त्यांनी स्क्रिप्ट बंद केली, कॉम्प्युटर बंद केला आणि त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकला.

मग सुरुवातीपासून फाइल आठवून पाहिली. रेवतीचं लग्न त्यांनी घेतलं नव्हतं. स्वतःबद्दलचं एकही वाक्य घेतलं नव्हतं, ते लाजेखातर शेवटी ठेवलं होतं. शार्दूलचं काही उघडायची हिंमतच झाली नव्हती. म्हणजे माणसं अजून शाबूत होती. ते देवाला हात जोडणाऱ्यांतले नव्हते, पण त्या दिवशी जोडले.

५

काही दिवस कॉम्प्युटर टेबलक्लॉथखालीच राहिला. संध्याकाळचा प्रश्न मात्र थांबला नाही.

"शार्दूल आला का हो?"

"येतोय."

"कधीचे येतोय म्हणताय. फोन लावा त्याला."

एका संध्याकाळी विनायकराव बाथरूममधून बाहेर आले तर दार उघडं. चपला जागेवर, कुमुद नाही. लिफ्ट येईना म्हणून ते जिन्याने उतरले. गेटवर वॉचमन श्याम तिचा दंड धरून तिला रस्त्यावरून आत आणत होता. थंडीत ती नुसत्या साडीवर होती, पाय अनवाणी.

"सर, मैडम सड़क के बीच में खड़ी थीं," श्याम म्हणाला. "हर ऑटो वाले से पूछ रही थीं, पानिपत चलोगे? एक बस तो बिल्कुल पास से निकली."

वर आल्यावर तिला गरम पाण्यात पाय सोडून बसवलं. ती थरथरत होती. "मला खरं सांगा," म्हणाली. विनायकरावांकडे त्या दिवशी खोटं बोलायचं बळ नव्हतं. त्यांनी खरं सांगितलं. मग ती जी रडली, ते त्यांनी ऐकलं, बादलीशेजारी जमिनीवर बसून, तिचे पाय हातात धरून. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हा त्यांच्या मनात ते आलं, आणि एकदा आलं ते गेलं नाही.

हे दुःख तिला रोज नव्याने का? एकदा भोगलं होतं की तिने. ते तिच्यातून निघालं, तर बिघडतं काय? शार्दूल काही त्याने पुसला जाणार नव्हता. मी आहे, रेवती आहे, पुण्याला कल्पना आहे. आम्ही तिघं त्याला आठवत राहू. आई म्हणून तिने बरंच वाहिलं, आता तेवढं ओझं आम्ही घेऊ. हिशेब सरळ होता. थकलेल्या माणसाचे हिशेब सरळच असतात, म्हणून त्यांची भीती बाळगावी. विनायकरावांनी बाळगली नाही.

मधूनच त्यांचं दुसरं मन हसायचं. म्हणायचं, अरे, तू मंत्रालयात काम केलेला माणूस, एफ-नाइन दाबून दुःख निघतं असं तुला वाटतं? मग दाबून बघ. नाही निघालं, तर तुझंच डोकं ठिकाणावर नव्हतं एवढंच ठरेल, आणि कोणाचं काही जाणार नाही. दोन्ही मनांनी मिळून त्यांना एकाच खुर्चीत नेऊन बसवलं.

६

दुपार होती. कुमुद आत झोपली होती. विनायकरावांनी टेबलक्लॉथ बाजूला केला, स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली आणि तो मेल उघडला. अपघातानंतर पंधरा दिवसांनी कुमुदने कल्पनाला लिहिलेला, सुरुवातच 'शार्दूल' या शब्दाने झालेला. त्याच्या जन्मापासून सगळं तिने त्यात एका दमात लिहिलं होतं, पडद्यांपर्यंत. त्यांनी वाचायचं टाळलं. पहिल्या शब्दाशी माऊस धरला आणि खाली ओढत नेला. अक्षरांवर निळा रंग चढत गेला. परिच्छेद संपला तिथे त्यांनी हात उचलला.

निळं तिथे थांबलं नाही. एक ओळ पुढे गेलं, मग आणखी एक.

त्यांना वाटलं, माऊस अडकला. त्यांनी तो उचलून उताणा केला. निळं मेलच्या शेवटापर्यंत गेलं, खिडकीच्या कडेवरून खाली उतरलं, मॉनिटरच्या चौकटीवरून टेबलाच्या लाकडावर आलं. फिकट होतं. टीपकागदावर शाई पसरावी तसं ते पसरत होतं, पुढचं ध्यानात येण्याआधी मागचं झालेलं. त्यांच्या मनगटावरून ते गेलं तेव्हा काही लागलं नाही. भिंतीवर चढलं. पॅसेजमधल्या फोटोच्या काचेवर पोचलं. हवेच्या यंत्राची घरघर बंद पडली होती, ती कधी, ते त्यांना कळलं नाही. आपण कळ दाबली की अजून दाबायचीय, हेही त्यांना नक्की सांगता आलं नसतं. बोट मात्र कळीवर होतं.

पॅसेजमध्ये कोणीतरी पाठमोरं उभं होतं.

अंगावर निळं, काखेत कापडाचं मोठं गाठोडं. एक बूट काढलेला, दुसरा काढायचा राहिलेला. घरात सामान आणलेला माणूस हे कुठे ठेवू म्हणून जसा घुटमळतो, तसं ते घुटमळत होतं. मान किंचित वळली. पण गाल दिसेल एवढी नाही.

ठेव तिथेच, असं म्हणायला विनायकरावांनी तोंड उघडलं.

'ठक्.'

आतल्या खोलीतून. मग भिंतीपलीकडून. मग आणखी लांबून, गेटच्याही पलीकडून, आणि मग त्याहून लांब, त्याहून बारीक. मोठ्या कचेरीत एकेका टेबलावर एकेक शिक्का पडत जावा तसे ते आवाज दूर दूर जात राहिले, आणि ऐकू यायचे बंद झाले तरी थांबले असतील असं वाटेना.

यंत्राची घरघर पुन्हा सुरू झाली. पॅसेज मोकळा होता.

७

त्या संध्याकाळी कुमुद उठली, हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "चहा टाकू का?"

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. दाराकडे तिने पाहिलं नाही. रात्री दोन पोळ्या खाल्ल्या, वर ताकही मागितलं. आठवड्यात तिच्या गालांवर रंग आला. शिवांगी म्हणाली, "अंकल, फाइल काम कर रही है, देखा?" विनायकरावांनी मान हलवली. त्यांनाही कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली होती. आपण केलं ते बरंच केलं, असं त्यांना खरोखर वाटलं, आणि हे सुख चार दिवस टिकलं.

मग रेवतीचा फोन आला. ऑफिसच्या कटकटी सांगता सांगता ती सहज म्हणाली, "आज तर प्रेझेंटेशनचं पार पानिपत झालं, बाबा."

विनायकरावांनी हातातला कप खाली ठेवला. पुण्याचे नातेवाईक असं बोलत, सगळेच मराठी लोक बोलतात. पण शार्दूल गेल्यापासून या घरात तो शब्द कोणी असा वापरला नव्हता. एकदा एका काकांच्या तोंडून निसटला, तर रेवतीच उठून गेली होती.

"रेवती," ते म्हणाले. "या वर्षी शार्दूलच्या दिवसाला येतेस ना?"

"कोणाच्या?"

"शार्दूलच्या."

"कोण शार्दूल? तुमच्या ऑफिसातले का कोणी?" पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. "एक मिनिट हं, बाबा. अच्छा, नंतर बोलू? आईला सांगा, शनिवारी येते."

शनिवारी ती आली. विनायकरावांनी तिला काही न बोलता हाताला धरून पॅसेजमध्ये नेलं आणि फोटोपुढे उभं केलं. तिने फोटो पाहिला. मग वडिलांकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी काळजी आली ती त्यांनी आजवर फक्त कुमुदसाठी आलेली पाहिली होती.

"फ्रेमबरोबर आलाय ना हा? दुकानात आधीच आत असतात तसा?" ती हळू आवाजात म्हणाली. "आपला कोणाचा तरी लावा ना, बाबा. मी एकुलती एक आहे, माझा तरी लावा."

रात्री त्यांनी कल्पनाला फोन केला. परीक्षितला केला. ज्या मित्राची गाडी होती, त्याचाही नंबर शोधून काढून केला. सगळे त्यांच्याशी फार जपून, फार गोड बोलले.

त्यानंतर विनायकराव दुपारी पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसू लागले. कळ दाबत नसत. नुसती फाइल उघडत आणि शार्दूलचा मजकूर वाचत, पहिल्या शब्दापासून पडद्यांपर्यंत. आता जगात तो एवढाच होता, या फाइलमध्ये आणि त्यांच्यात. तिघांत वाटून घ्यायचं ठरलेलं ओझं एकट्याच्या खांद्यावर आलं होतं, आणि त्यांचं वय सत्तरीकडे झुकलं होतं. डोळे दुखत. मधलं एखादं वाक्य आपल्याला आठवतंय, की आत्ताच वाचलं म्हणून माहीत आहे, हे त्यांना अलीकडे नीटसं सांगता येत नसे. तेव्हा ते पुन्हा वरून सुरुवात करत.

अशाच एका दुपारी कुमुद लवकर उठली. पावलं न वाजवता मागे येऊन उभी राहिली. विनायकराव रडत होते. त्यांनी घाईने चेहरा पुसला, पण ते लपलं नाही. ती शेजारचं स्टूल ओढून बसली. तिचा आजार त्या महिन्यात पुढे सरकला होता. समोरच्या माणसाचं नाव तिला एखाद्या दिवशी असे, एखाद्या दिवशी नसे. माया मात्र होती.

"काय झालं हो? कोणी गेलं का तुमचं?"

"मुलगा," विनायकराव म्हणाले. "माझा मुलगा होता एक."

आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. तो जन्मला तेव्हा आर.के. पुरमच्या क्वार्टरमध्ये पाणी नव्हतं ते, त्याला दूधभात आवडायचा ते, तो खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे ते. पडद्यांचं. धुक्याचं. त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन कुमुद ऐकत होती, अनोळखी माणसाचं दुःख भल्या माणसाने ऐकावं तशी. शेवटी तिचे डोळे भरून आले.

"अरेरे," ती म्हणाली. "एवढा तरणाताठा मुलगा."

बाहेर एक विमान खाली उतरत गेलं. मग काहीतरी सुचल्यासारखं तिने वर पाहिलं.

"आणि त्याची आई?" तिने विचारलं. "ती बिचारी कशी आहे हो आता?"

विनायकराव तिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा कित्येक वर्षांत इतका शांत दिसला नव्हता.

"बरी आहे," ते म्हणाले. "आता बरी आहे ती."